लिनक्स डिस्ट्रोसाठी डिफॉल्ट ब्राउझर कसा ठरवायचा: आधी पॅच, मग फीचर्स

स्वतःची लिनक्स डिस्ट्रो (लिनक्स आणि प्रोग्रॅमचा तयार संच) बनवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. डेबियन ही तयार डिस्ट्रो बेस म्हणून घ्यायची, लाइव्ह-बिल्ड हे टूल चालवायचं, पॅकेजची (म्हणजे प्रोग्रॅमची) यादी द्यायची, आयएसओ म्हणजे इन्स्टॉल करायची डिस्क-फाइल तयार. शाळेची लॅब, गावातलं वाचनालय, कॉलेजचा लिनक्स ग्रुप, अशा ठिकाणी बरेच जण हे करतात. मग वॉलपेपर कुठला, आयकॉन थीम कुठली यावर तासन्‌तास चर्चा होते आणि ब्राउझरचा विषय मात्र "टाक ना फायरफॉक्स, सगळे तेच टाकतात" एवढ्यावर उरकला जातो. उत्तर बहुतेक वेळा बरोबरच निघतं, पण ते का बरोबर आहे हे माहीत नसेल तर वर्षभराने परिस्थिती बदलली की आपल्याला कळतही नाही.

आणि ही निवड हलकी नाहीये. लॅबमधली मुलं, वाचनालयात फॉर्म भरायला आलेले काका, यातलं कुणी ब्राउझर बदलणार नाहीये. आपण जो दिला तोच ते वापरणार, त्यातच बँकेचा पासवर्ड टाकणार. त्यामुळे माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: फीचर्स, स्पीड, दिसणं हे सगळं नंतर. पुढची तीन-चार वर्षं या ब्राउझरला सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतलं भोक बुजवणारी दुरुस्ती) कोण देणार, आणि तो आपल्या मशीनपर्यंत किती दिवसांत पोचणार, हा पहिला प्रश्न.

खाली मी डेबियन १३, एक्सएफसीई डेस्कटॉप, ४ जीबी रॅमची जुनी मशीन्स आणि मराठी वापरणारी माणसं असं उदाहरण धरलंय. तुमचा बेस उबुंटू किंवा फेडोरा असेल तर तपशील बदलतील, क्रम तोच ठेवा. कमांडची आणि फाइलची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीतच टाइप करायची.

पायरी १: मशीन आणि माणसं बघून घ्या

आधी प्रत्येक मशीनवर एलएससीपीयू ही कमांड चालवा आणि प्रोसेसर ६४-बिट आहे का बघा. जुन्या लॅबमध्ये अजूनही ३२-बिट मशीन्स सापडतात आणि तिथे खेळ जवळपास संपलाय. गूगलने ३२-बिट लिनक्ससाठी क्रोम मार्च २०१६ मध्येच बंद केलं, डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, आणि मोझिलानेही फायरफॉक्स १४४ ही ३२-बिट लिनक्सची शेवटची आवृत्ती ठरवली, त्यापुढे ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) १४० ला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत पॅच देऊ असं सांगितलं. म्हणजे अशा मशीनवर आज काहीही बसवलंत तरी ते फार टिकणार नाही. ती इंटरनेटला न जोडता टायपिंगच्या सरावाला ठेवा, स्पष्टच सांगतो.

मग माणसं. लॅबमध्ये यूट्यूबवरचे लेक्चर्स चालणार का, सिनेमाची ओटीटी साइट हवी का, सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचा टोकन लावून काम करणारं कुणी आहे का, स्क्रीन रीडर वापरणारं कुणी आहे का. शेवटचं बहुतेक जण विचारतच नाहीत. ऑर्का स्क्रीन रीडरसोबत फायरफॉक्स खूप वर्षांपासून नीट चालतं, त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थी असतील तर पहिली चाचणी त्यांच्याच हातून करून घ्या.

पायरी २: नावं सोडा, इंजिन बघा

लिनक्सवर ब्राउझर डझनभर दिसतात पण आतली इंजिनं, म्हणजे वेबपेज दाखवणारा मुख्य कोड, मुख्यतः तीनच. गेको, म्हणजे फायरफॉक्स आणि त्यातून निघालेले लिब्रवुल्फसारखे. ब्लिंक, म्हणजे क्रोमियम, क्रोम, ब्रेव्ह, विवाल्डी, एज, आपल्याकडचं झोहोचं उला, हे सगळे. आणि वेबकिट, लिनक्सवर ते वेबकिट-जीटीके या रूपात येतं आणि ग्नोम वेब त्यावर चालतो.

हे का बघायचं, तर छोटा ब्राउझर दिसायला हलका असतो पण त्याचं इंजिन कुणीतरी दुसरं बनवतं. इंजिनात भोक सापडलं की आधी इंजिनवाले पॅच काढणार, मग तो छोट्या ब्राउझरच्या टीमने घ्यायचा, मग डिस्ट्रोने पॅकेज करायचं. साखळी लांबली की दिवस वाढले. फाल्कनचं उदाहरण घ्या, केडीईचा छान हलका ब्राउझर आहे, पण तो क्यूटी-वेबइंजिनवर चालतो, आणि स्टेबल डिस्ट्रोमध्ये क्यूटीची जी आवृत्ती गोठलेली असते त्यातच आतलं क्रोमियम अडकून बसतं. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये ब्राउझर इंजिनांच्या सिक्युरिटी सपोर्टबद्दल वेगळा परिच्छेद असतो आणि तिथे रोजच्या वापरासाठी सरळ फायरफॉक्स किंवा क्रोमियम घ्या असंच सांगितलेलं असतं. तो परिच्छेद निवड करण्याआधी वाचा, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ३: पॅच किती दिवसांत पोचतो ते मोजा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

सप्टेंबर २०२३ आठवतोय का? वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत मोठं भोक सापडलं, नुसतं बिघडवलेलं चित्र पेजवर दाखवून हल्ला करता येत होता आणि हल्ले होतही होते. ११ सप्टेंबरला क्रोमचा पॅच आला, १२ ला फायरफॉक्स आणि त्याच्या ईएसआर आवृत्त्यांचा. आता प्रश्न असा की तुमच्या डिस्ट्रोच्या रेपोत (पॅकेज जिथून येतात त्या साठ्यात) तो कधी आला? मोठ्या डिस्ट्रोंनी थोड्याच दिवसांत दिला, पण एखाद्याने हौसेने बनवलेल्या रिमिक्समध्ये, जिथे ब्राउझर हाताने टारबॉल (झिपसारखी फाइल) उघडून ऑप्ट फोल्डरात टाकलाय आणि तो रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, मालकीचा आहे म्हणून स्वतःला अपडेटही करू शकत नाही, तिथे तो कदाचित कधीच पोचला नाही. म्हणून पहिला नियम: आयएसओमध्ये टारबॉल टाकायचा नाही. ब्राउझर पॅकेज मॅनेजरमधूनच यायला हवा आणि तिथूनच अपडेट व्हायला हवा.

मोजायची पद्धत सोपी आहे. जो ब्राउझर डोक्यात आहे त्याच्या मागच्या चार-पाच सिक्युरिटी रिलीज घ्या, मूळ प्रोजेक्टने कुठल्या तारखेला काढल्या ते एका कागदावर लिहा, आणि त्याच्यासमोर तुमच्या बेस डिस्ट्रोच्या रेपोत त्या कधी आल्या ते लिहा. डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर उघडा आहे, पॅकेजचं नाव टाकलं की सगळं दिसतं. फरक एक-दोन दिवसांचा असेल तर उत्तम, आठवड्याचा असेल तर विचार करा, महिन्याचा असेल तर तो ब्राउझर कितीही आवडता असला तरी डिफॉल्ट म्हणून नको.

एक-दोन रिलीजवरून निष्कर्ष काढू नका, कारण परिस्थिती बदलते. डेबियनमधलं क्रोमियम २०२१ मध्ये काही महिने फार मागे पडलं होतं, स्टेबलमध्ये जुनीच आवृत्ती बसून होती, मग जानेवारी २०२२ मध्ये एकदम ९७ वर उडी मारली आणि त्यानंतर ते पॅकेज बरंच नियमित झालं. पॅकेज सांभाळणारी माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात, क्रोमियमसारखा अवाढव्य कोड पुन्हा पुन्हा बिल्ड करणं सोपं नाही, त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण वापरणाऱ्याच्या सुरक्षेचा हिशोब आपल्याला करावाच लागतो.

फायरफॉक्समध्ये दोन वाटा आहेत. साधी आवृत्ती दर चार आठवड्यांनी नवी येते, ईएसआर साधारण वर्षाला एकदा बदलते आणि मध्ये फक्त दुरुस्त्या येतात. डेबियन स्टेबल ईएसआर देतं. लॅबसाठी मला ईएसआरच आवडतं, कारण शिक्षकांनी "वर उजवीकडे तीन रेघा दिसतात तिथे क्लिक करा" असं लिहून दिलेलं असतं, ते दर महिन्याला बदललं तर त्यांची तारांबळ होते. पण वर्षातून एकदा मोठी उडी असते हे लक्षात ठेवा, नव्या ईएसआरला नवा रस्ट कंपायलर लागतो म्हणून डेबियनला स्टेबलमध्ये त्यासाठी वेगळं रस्ट पॅकेज आणावं लागतं, आणि त्या दिवसांत तुमचं टेस्टिंगही हवं.

ब्रेव्ह, विवाल्डी, क्रोम यांची स्वतःची ॲप्ट (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) रेपो असतात आणि पॅच तिथून पटकन येतात, हे खरं. पण आयएसओमध्ये तिसऱ्याची रेपो आणि त्याची चावी टाकली म्हणजे त्या कंपनीला तुमच्या प्रत्येक मशीनवर रूटच्या हक्काने पॅकेज बसवायची परवानगी दिली. ते मान्य असेल तर रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहा, लपवू नका. मोझिलाचीही जानेवारी २०२४ पासून स्टेबल फायरफॉक्ससाठी स्वतःची ॲप्ट रेपो आहे.

पायरी ४: डेब, स्नॅप की फ्लॅटपॅक

डेब म्हणजे डेबियन-उबुंटूचं नेहमीचं पॅकेज, स्नॅप आणि फ्लॅटपॅक म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी सोबत घेऊन वेगळ्या कप्प्यात चालणारी पॅकेजं. उबुंटू बेस असेल तर इथे थांबून विचार करा. २२.०४ पासून तिथलं फायरफॉक्सचं डेब पॅकेज नुसतं नावाला आहे, ते बसवलं की स्नॅप येतं, आणि क्रोमियमचं तर १९.१० पासूनच तसं आहे. म्हणूनच लिनक्स मिंटने क्रोमियमचं स्वतःचं पॅकेज बनवायला घेतलं आणि फायरफॉक्सही डेबमध्येच देतात.

स्नॅप-फ्लॅटपॅकचा मोठा फायदा म्हणजे बेस जुना असला तरी ब्राउझर ताजा. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारावरचं फायरफॉक्स मोझिला स्वतः देतं, क्रोमियम मात्र तिथे समुदाय पॅकेज करतो, हा फरक लक्षात घ्या. त्रास कुठे होतो, तर ब्राउझर जिथे बाहेरच्या गोष्टींशी बोलतो तिथे. कीपासएक्ससी सारखा पासवर्ड मॅनेजर जोडणं, डिजिटल सहीच्या टोकनची ड्रायव्हर लायब्ररी सापडणं, मराठी कीबोर्डसाठी आयबस, सिस्टिममधले फाँट, डाउनलोड फोल्डर सोडून दुसरीकडची फाइल अपलोड करणं. जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळही बघा. डेबियन बेसवर ईएसआरचं साधं डेब वेळेवर मिळतंय तर माझ्या मते तेच घ्यावं.

पायरी ५: लायसन्स, नाव आणि पैसा

क्रोम आयएसओमध्ये टाकून वाटता येत नाही, ते मुक्त सॉफ्टवेअर नाही आणि गूगलशी वेगळा करार लागतो. ज्याला हवं तो स्वतः उतरवून घेईल.

फायरफॉक्सचा कोड मुक्त आहे पण नाव आणि लोगो हे मोझिलाचे ट्रेडमार्क. डेबियन आणि मोझिलाचं २००६ मध्ये यावरूनच बिनसलं, डेबियन आपले पॅच लावत होतं आणि लोगो मुक्त नव्हता, मग दहा वर्षं डेबियनमध्ये तोच ब्राउझर आइसवीझल नावाने आला आणि २०१६ मध्ये पुन्हा फायरफॉक्स झाला. तुम्ही डेबियनचं पॅकेज जसंच्या तसं देत असाल तर काळजी नाही, पण कोडमध्ये बदल करून स्वतः बिल्ड करणार असाल तर तेच नाव लावायला परवानगी लागते.

क्रोमियमची वेगळी अडचण. त्यात सिंकसाठी गूगलच्या चाव्या लागतात, आणि गूगलने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर करून १५ मार्चपासून डिस्ट्रोंच्या क्रोमियमसाठी त्या चाव्यांवरचे हक्क काढून घेतले. एका रात्रीत क्रोमियममधलं गूगल अकाउंटचं सिंक गेलं. मुलांना घरच्या क्रोममधले बुकमार्क लॅबमध्ये हवे असतील तर क्रोमियम त्यासाठी उपयोगाचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पैशाबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवं. डिफॉल्ट सर्च इंजिनमागे पैसा असतो. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने जानेवारी २०१० मध्ये उबुंटूच्या फायरफॉक्ससाठी याहू सर्च जाहीर केलं आणि १०.०४ यायच्या आधीच परत गूगलवर आले. लिनक्स मिंटने जानेवारी २०२२ मध्ये मोझिलाशी करार करून फायरफॉक्समधले आपले बदल आणि सर्च भागीदार काढले, आता तिथे मोझिलाचंच कॉन्फिगरेशन येतं. झोरिन ओएसने २०२५ मध्ये १७.३ मध्ये फायरफॉक्स काढून ब्रेव्ह डिफॉल्ट केलं, मांजारोच्या सिनॅमन आवृत्तीने २०२१ मध्ये विवाल्डी घेतलं. प्रत्येकाची कारणं आहेत. तुमच्या लॅबच्या डिस्ट्रोत कुणाचा पैसा येत असेल तर तो लिहून टाका, वापरणाऱ्याला ते कळायचा हक्क आहे.

जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचा मुद्दाही इथेच येतो. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली, त्यामुळे पूर्ण ताकदीचं यूब्लॉक ओरिजिन तिथे चालत नाही, लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर पूर्ण चालतं. ४ जीबी रॅमच्या मशीनवर जाहिराती थांबल्या की जो फरक पडतो तो ब्राउझर बदलून पडणार नाही, इतका मोठा असतो.

पायरी ६: खऱ्या मशीनवर, मराठीत तपासा

व्हर्च्युअल मशीनमध्ये सगळं छान चालतं, म्हणून लॅबमधलं सगळ्यात जुनं मशीन घ्या.

फाँट आधी. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित टाका आणि एका एचटीएमएल फाइलमध्ये दऱ्या-खोऱ्या, कऱ्हाड, तऱ्हा, ॲप, ऑफिस, शाळा, लहान असे शब्द लिहून उघडा. ऱ्य, ऱ्ह मधला अर्धा र आणि ॲ नीट येतात का बघा. पेजची भाषा मराठी अशी लिहिलेली असेल तर नोटोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, तेही तपासा, आणि मग तेच पान पीडीएफमध्ये प्रिंट करून बघा. आयबसमधून इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार दोन्ही कीबोर्ड ॲड्रेस बारमध्ये आणि एखाद्या फॉर्ममध्ये टाइप करून बघा, कधीकधी एका ठिकाणी चालतं आणि दुसरीकडे अक्षरं गळतात. फायरफॉक्सचा इंटरफेस मराठीत मिळतो, डेबियनमध्ये त्याचं वेगळं भाषा-पॅकेज आहे, ते यादीत टाकायला विसरू नका.

मग व्हिडिओ. ओटीटीला वाइडवाइन (कॉपीपासून संरक्षण असलेले व्हिडिओ चालवणारा भाग) लागतं, फायरफॉक्स ते वापरणाऱ्याला विचारून स्वतः उतरवतं, डिस्ट्रोच्या क्रोमियममध्ये ते नसतं. फेडोरा बेस असेल तर एच.२६४ या व्हिडिओ कोडेकचं काय करायचं हे वेगळं ठरवावं लागेल.

डिजिटल सहीचा टोकन लागणार असेल तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी डिव्हाइसेस म्हणून जागा आहे तिथे टोकनच्या ड्रायव्हरची लायब्ररी जोडावी लागते. क्रोमियम मात्र होम फोल्डरमधला पीकेआय (प्रमाणपत्रांचा) डेटाबेस वापरतं. काही पोर्टलं सही करायला मशीनवर वेगळा छोटा प्रोग्रॅम चालवायला लावतात, तो लिनक्सवर चालतो का हे ब्राउझर ठरवायच्या आधी बघा कारण तो नाही चालला तर कुठलाच ब्राउझर मदतीला येणार नाही.

मेमरी मोजताना टॉप कमांडमधल्या आरएसएसच्या (प्रत्येक प्रोसेसने व्यापलेल्या मेमरीच्या) आकड्यांची बेरीज करू नका, ब्राउझरच्या अनेक प्रोसेस एकच मेमरी वाटून घेतात आणि ती पुन्हा पुन्हा मोजली जाते. एसमेम हे टूल वापरून पीएसएसचा आकडा घ्या, त्यात वाटून घेतलेली मेमरी विभागून मोजलेली असते. तेच पाच टॅब दोन्ही ब्राउझरमध्ये उघडा, दहा मिनिटं थांबा, मग मोजा. सोबत झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारी सोय) चालू ठेवा.

पायरी ७: डिफॉल्ट नीट लावा

ब्राउझर ठरला, आता तो सगळीकडे खरंच डिफॉल्ट व्हायला हवा. डेबियनवर हे तीन ठिकाणी असतं आणि लोक एकच बदलून सोडून देतात.

पहिलं, अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज मधलं एक्स-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ब्राउझर. जुने प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट हे वापरतात. दुसरं, माइमॲप्स डॉट लिस्ट नावाची फाइल, त्यात डिफॉल्ट ॲप्लिकेशन्सच्या भागात एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि एचटीएमएल अशा तिन्ही ओळींसमोर ब्राउझरची डेस्कटॉप फाइल लिहायची. तिसरं, एक्सएफसीईची स्वतःची हेल्पर्स डॉट आरसी, पॅनेलवरचं ब्राउझरचं बटण तिच्याकडे बघतं.

आता महत्त्वाचं. या फाइल ईटीसी खालच्या एक्सडीजी फोल्डरात ठेवा, स्केल फोल्डरात टाकू नका. स्केलमधलं सगळं नवीन युजर बनताना त्याच्या होममध्ये कॉपी होतं आणि तिथेच गोठतं, पुढच्या वर्षी तुम्ही डिफॉल्ट बदललात तरी जुन्या युजरपर्यंत ते जाणार नाही. आणि होममधली फाइल नेहमी वरचढ असते, म्हणजे सिस्टिम फोल्डरात ठेवलं तर ज्याने स्वतः दुसरा ब्राउझर निवडलाय त्याची निवडही शाबूत राहते. अपडेटमध्ये कुणाची निवड पुसायची नाही, कधीच नाही.

लाइव्ह-बिल्डमध्ये या फाइल इन्क्लुड्स डॉट सीएचरूट फोल्डरात त्याच रचनेत ठेवल्या की आयएसओमध्ये जातात. तपासताना एक्सडीजी-ओपन कमांडने एक पत्ता उघडा, मग थंडरबर्डमधल्या मेलवरून, लिब्रेऑफिसमधल्या लिंकवरून, पीडीएफमधून, टर्मिनलमधून, एखाद्या फ्लॅटपॅक ॲपमधून आणि फाइल मॅनेजरमध्ये एचटीएमएलवर डबल क्लिक करून. सगळीकडून तोच ब्राउझर उघडला तर झालं.

पायरी ८: पॉलिसी, पण हात आखडता ठेवून

फायरफॉक्ससाठी पॉलिसीज डॉट जेसन ही फाइल ईटीसी खालच्या फायरफॉक्समधल्या पॉलिसीज फोल्डरात टाकायची, क्रोमियमसाठी ईटीसी खालच्या क्रोमियममधल्या पॉलिसीजच्या मॅनेज्ड फोल्डरात. लागू झाली का ते ॲड्रेस बारमध्ये अबाउट:पॉलिसीज टाकून बघा, क्रोमियममध्ये क्रोम:पॉलिसी.

मी लॅबसाठी एवढंच ठेवेन: टेलिमेट्री (वापराची माहिती ब्राउझर बनवणाऱ्यांकडे पाठवणं) बंद, यूब्लॉक ओरिजिन आधीच बसवलेलं, होमपेज शाळेचं किंवा कोरं, आणि एकाच लॉगिनवर अनेक मुलं बसत असतील तर पासवर्ड सेव्ह करायचा प्रश्नच विचारू नको आणि बंद करताना कुकीज पुसून टाक. होमपेजला कुलूप लावू नका, डीफॉल्ट ठेवा. वीस-वीस पॉलिसी लावलेला ब्राउझर पुढच्या ईएसआरला कुठे अडेल सांगता येत नाही आणि ते शोधणारा माणूस तेव्हा लॅबमध्ये असेलच असं नाही.

पायरी ९: दुसरा ब्राउझर, आणि पुढची तारीख

माझी निवड या उदाहरणासाठी डेबियनचं फायरफॉक्स ईएसआर, आणि क्रोमियम आयएसओमध्ये न टाकता "हवं असल्यास बसवा" म्हणून मदतीच्या पानावर. दोन ब्राउझर आधीच दिले की दोघांचे पॅच, दोघांच्या पॉलिसी, दोघांचं टेस्टिंग आपल्याच अंगावर येतं. रास्पबेरी पायवर असतो तर मी त्यांच्या ओएसमधलं क्रोमियमच ठेवलं असतं, कारण त्यांनी त्या हार्डवेअरवर त्यासाठी मेहनत घेतलीय. एलिमेंटरी ओएस ग्नोम वेब देतं, त्यांच्या डेस्कटॉपशी ते छान जुळतं, पण एक्स्टेन्शनची गरज असलेल्या लॅबला मी ते देणार नाही.

ठरलेलं सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून बिल्डच्या रेपोत ठेवा: काय निवडलं, का, पॅचचे किती दिवस मोजले, काय झालं तर बदलायचं. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट बसवणारा प्रोग्रॅम) चालू आहे आणि त्यात सिक्युरिटी रेपो आहे हे आयएसओ बसवलेल्या मशीनवर एकदा प्रत्यक्ष बघा, आणि पॅच बसला तरी उघडा असलेला ब्राउझर जुन्याच कोडवर चालत राहतो म्हणून लॅबची मशीन्स रात्री बंद होतील असं करा. मग पुढच्या ईएसआरच्या उडीची तारीख मोझिलाच्या रिलीज कॅलेंडरवरून काढा, तिच्या दोन आठवडे आधीचा दिवस धरा आणि त्या दिवशी पायरी ३ चा कागद पुन्हा नव्याने भरा.